चाचाजवळ कोण बसणार?

जीप चालवणं सोपं काम हाये. दोन हात, दोन पाय अन् एक हॉर्न असला की जीप चालती. अवघड काम हाये जीप भरणं. जाफराबादच्या स्टँडावर नव्या ड्रायवरांना मी हेच सांगत आलो, अन् आता ह्या अंकाच्या संपादक मॅडमनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' म्हणल्यावर तुम्हालाही तेच सांगतो. चौथीनंतर मी शाळेकडं फिरकलो न्हाई, त्यामुळं चुका होतील. मॅडम म्हणल्या, त्या आम्ही नीट करू. मी म्हणलं, चुका करा नीट, पण माझं वाक्य जागेवरून हलवायचं न्हाई. मी ज्याला जिथं बसवलं, त्यानं तिथंच बसायचं.

मी लिंबाजी. जाफराबाद ते जालना, काळीपिवळी जीप. दाढी काळी होती तव्हा सुरू केली, पांढरी झाली तव्हा विकली. जीपमधी माणसं किती बसवायची ते बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलेलं असतं. ते तिचं मत हाये. आमचं मत येगळं होतं.

भरायची रीत सांगतो. बाकावर सगळे पाठ टेकून सरळ बसले तर बाक लगेच भरतो. म्हणून एकाला म्हणायचं, तुम्ही मागं रेटून बसा. त्याच्या शेजारच्याला म्हणायचं, तुम्ही जरा पुढं सरका. परत एक मागं, एक पुढं. कंगव्यात कंगवा घातल्यावाणी माणसं बसतेत अन् त्याच बाकावर आणखी एका माणसाची जागा निघती, जी आधी कुणालाच दिसली नव्हती. फक्त मला दिसलेली असती. पुढची सीट नव्या जावयाची, न्हाईतर बाळंतिणीची, न्हाईतर जमादाराची. मधी बायामाणसं. मागच्या आडव्या बाकावर कॉलेजची पोरं, कारण त्यांच्या गुडघ्यांची घडी होती. टपावर गाठोडी, अन् गाठोड्यांवर ज्याला हवा खायची हाये तो.

पण हे बी खरं भरणं न्हाई. खरं भरणं म्हणजे कुणाजवळ कोण. एकदा बांधाच्या भांडणातले दोघं भाऊ एकाच तारखेला, एकाच जीपनं कोर्टात निघाले. दुसरी गाडी नव्हती. मी दोघांच्या मधी त्यांच्या मावशीला बसवलं. मावशीनं भोकरदनपासून जी सुरुवात केली ती जालना येईपर्यंत थांबली न्हाई. संध्याकाळी दोघं भाऊ एकाच बाकावर, एकाच पुडीतले फुटाणे खात परत आले. मावशी तेवढी जालन्याला लेकीकडं राहिली. तिचा घसा बसला होता.

अन् एक गुरुजी होते. नाव सांगत न्हाई, त्यांची नातवंडं वाचत असतील. ते जीपच्या दाराशी आले, आत वाकून बघितलं, अन् मला बाजूला घेऊन हळूच म्हणले, लिंबाजी, त्या बाईला जरा मागं बसव. ती बाई म्हणजे आमच्या वस्तीतली सुईण. अर्ध्या तालुक्याला पहिला हात तिचाच लागलेला. गुरुजींच्या घरी बी तीच गेल्ती. मी म्हणलं, गुरुजी, माझ्या गाडीचा कायदा हाये. ज्याला अडचण, त्यानं उठायचं. तुम्हाला मागच्या बाकावर जागा हाये, टपावर तर भरपूर हाये. गुरुजी रागानं टपावर गेले. धोतर सांभाळत पार राजूरपर्यंत. राजूरला खाली उतरून गुपचूप सुईणीजवळ बसले. वारं फार होतं त्या दिवशी.

हा कायदा मी कुठं वाचला न्हाई. आमचं घर बौद्ध. मी लहान असताना बाजाराच्या दिवशी टांग्यात बसलेल्या माझ्या आईला खाली उतरवलेलं मी बघितलं. भरलेल्या टांग्यातल्या एकाच माणसाला अडचण होती, अन् उतरली आई. मला तव्हा हिशेब कळला न्हाई, अजून कळत न्हाई. अडचण त्याची, तर चालायचं माझ्या आईनं का? म्हणून माझ्या हातात स्टेअरिंग आल्यावर मी पहिलं काम हेच केलं की कायदा उलटा फिरवला.

आता गफूरचाचा. जाफराबादचे पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. माणूस काडीसारखा, टोपी विणलेली जाळीची, दाढी मेंदीनं लाल. आठवड्यातून एकदा सरकी-कापसाच्या कामाला जालन्याला माझ्याच गाडीनं यायचे. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. गाडी सुरू झाली की चाचा झोपायचे, अन् शेजारी जो कोण असेल त्याच्या खांद्यावर मान टाकायचे. मान टाकली की जालन्यापर्यंत उचलायची न्हाई. डोक्याला खोबरेल असं चोपडलेलं की ते टोपीच्या जाळीतून झिरपायचं. चाचाजवळ बसलेला माणूस जालन्याला उतरला की त्याच्या खांद्यावर रुपयाएवढा तेलाचा डाग. म्हणून गाडी भरताना मी आधी ओरडायचो, चाचाजवळ कोण बसणार? खांदा मजबूत पाहिजे. लोक हसायचे अन् कुणीतरी पुढं यायचं. पाटील आले, तलाठी आले, एकदा जालन्याला लग्नाला निघालेला नवरदेव बी आला. त्याच्या करवल्यांनी मला काय काय म्हणलं ते इथं छापता येणार न्हाई.

शेवटी शेवटी मात्र मजा गेली. लोक दाराशी यायचे, वाकून आत बघायचे, अन् विचारायचे, आत कोण कोण हाये? आधी विचारायचे, कधी सुटणार. मी प्रत्येकाला कायदा सांगायचो, पण आता लोकांकडं मोटारसायकली आल्त्या. अडचणवाला उठायचा अन् मोटारसायकलनं जायचा. कायदा तसाच राहिला, गाडी रिकामी झाली. मंग मी जीप विकली.

आता खरी गोष्ट. चाचाचा मुलगा सलीम हैद्राबादला. फ्रीज-एसीच्या दुरुस्तीचं काम चांगलं चाललं. त्याची पोरगी रुखसार, तिचा निकाह ठरला. मुसलमानात नवरीला 'तुला हे लग्न मंजूर हाये का' असं विचारायला एक जाणता माणूस लागतो, त्याला वकील म्हणतेत. पोरगी हटून बसली की माझा वकील माझा दादा, म्हणजे आजोबाच, दुसऱ्या कुणी विचारलं तर मी तोंडच उघडणार न्हाई. सलीमनं विमानाची तिकिटं पाठवली, सकाळचं विमान, दुपारच्या नमाजानंतर निकाह. चाचा म्हणले, जी गाडी लिंबानं भरली न्हाई तिच्यात मी बसत न्हाई. झालं. चाचा, जैतूनचाची अन् मी, तिघं चिकलठाण्याच्या विमानतळावर.

पहिला धक्का तपासणीत बसला. चाचाच्या बंडीच्या खिशात दाभण निघालं, गादी शिवायचं. जन्मभर त्या खिशात होतं. तिथल्या शिपायानं ते काढून घेतलं. चाची माझ्या कानाशी आली, म्हणली, दाढी देखके लिया, भैया. मी तिला सांगणार होतो की तसंच दिसतंय, तेवढ्यात शिपायानं माझा अडकित्ता काढून घेतला. मी म्हणलं, चाची, इथं बराबर हाये. सगळ्यांचंच लुटतेत.

दुसरा धक्का तिकिटावर. चाचाची सीट पुढं, चाचीची मधी, माझी पार शेपटाला. चाची म्हणली, नाम पढके अलग अलग डाले. मी आजूबाजूला चौकशी केली. बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब अन् त्यांची नवी बायको, नवीन लग्न, हातावरची मेंदी ओली म्हणावी एवढी, तेही येगळे टाकलेले. जवळ बसायचं तर त्याचे येगळे पैसे म्हणे. मी चाचीला म्हणलं, हा भेदभाव न्हाई, ही निव्वळ लबाडी हाये. दोन्हीत फरक हाये, अन् तो मला कळतो. नवरा-बायकोला तोडून परत जोडायचे पैसे घ्यायचे, ही आयडिया मला जीप असताना सुचली असती तर आज माझं जालन्यात घर असतं.

विमान लहान होतं, पंख्याचं. शिडी लावलेली. शिडी दिसली अन् माझ्या अंगात जुनं वारं शिरलं. मी गर्दीतून पुढं घुसलो, आत गेलो, अन् पुढच्या रांगेत तीन सीटांवर एक उपरणं, एक टोपी अन् चाचीच्या डब्याची पिशवी टाकून मोकळा झालो. जागा धरली. इकडची दोन, तिकडची एक. मागून विमानातली पोरगी आली, कपाळावर चापून बसवलेले केस, वयानं माझ्या नातीएवढी. म्हणली, बाबा, सीट नंबरसे बैठना है. मी म्हणलं, रुमाल टाकलाय. ती म्हणली, रुमाल नहीं चलता. आमच्याकडं टाकलेला रुमाल सरकारी माणूस बी उचलत न्हाई. पण पोरगी हसतमुख होती, म्हणून मी ऐकलं अन् शेपटाला गेलो. चाचा आपल्या नंबराच्या सीटवर, खिडकीशी बसले.

मंग एक दुसराच साहेब आला. अंगानं भरलेला, पांढरा कडक शर्ट, गळ्यात कंपनीचा बिल्ला. त्याची सीट चाचाच्या शेजारची. तो आला, थांबला, चाचाकडं बघितलं, टोपीकडं बघितलं, दाढीकडं बघितलं. बसला न्हाई. वळून पोरीजवळ गेला अन् हळू आवाजात काहीतरी बोलला. मी पार मागं होतो, शब्द ऐकायला आला न्हाई. पण शब्द कशाला पाहिजे? दाराशी वाकून आत बघणारी माणसं मी जन्मभर बघितली हायेत. मान कशी वळती ते मला पाठ हाये.

पोरगी चाचाजवळ आली. म्हणली, बाबा, आपको पीछे बैठना पड़ेगा, विमान का बैलेंस करना है. चाचा लगेच उठायला लागले. त्यांना कुणी 'सरका' म्हणलं की आधी सरकतेत, मंग विचारतेत कुठं.

मी शेपटाकडून निघालो. मधी लोक बॅगा चढवू राह्यले होते, पण मी आठवडी बाजारच्या गर्दीत जीप उलटी काढलेला माणूस हाये. पुढं येऊन मी म्हणलं, चाचा, बसा. बाई, बॅलन्सचं काम मी जन्मभर केलं. बॅलन्स करायचा तर जाड माणूस हलवतेत. हा माणूस वाळत घातलेल्या सदऱ्याएवढा हाये, ह्याला हलवून तुमचं विमान कुठं कलणार? हलवायचं तर ह्यांना हलवा. अन् मी त्या साहेबाकडं बोट केलं.

साहेब लाल झाला. म्हणला, मी फक्त सीट बदलून मागितली. मी म्हणलं, मंग तुमची बदला, ह्यांची का बदलता? ज्याला अडचण, त्यानं उठायचं.

आता सगळं विमान बघायला लागलं. पोरीचं हसू गेलं. ती म्हणली, बाबा, तुम्ही जागेवर जा, न्हाईतर मला आमच्या वरच्या साहेबांना बोलवावं लागेल, तुम्हाला उतरवतील. ती मराठीच बोलली आता, आपल्याकडचीच निघाली. मधल्या रांगेतून चाची उभी राहिली अन् म्हणली, लिंबाभैया, बैठ जाव. लड़की का निकाह है. उतार दिए तो वो मुँह नहीं खोलेगी.

ते मात्र मला लागलं. माझ्या कायद्यापायी एका पोरीचं लग्न अडायचं. पण माझी मान वाकत न्हाई, ती तशीच घडलीय. मी उभा राहिलो. खाली शिडी काढायला माणूस आल्ता, तो बी वर बघत थांबला.

तव्हा चाचा बोलले. उठले न्हाईत, बसले बी न्हाईत, अर्धे उठलेले तसेच, एक हात पुढच्या भिंतीला. त्यांनी त्या पोरीला इतक्या हळू विचारलं की साहेबालाही कान द्यावा लागला.

"बेटी, सच बोल. वजन का मामला है, या मेरा? वजन का है तो अभी जाता हूँ. मेरा है, तो भी जाता हूँ. बस इतना बता दे, क्यों जा रहा हूँ."

पोरीनं हातातल्या कागदाकडं बघितलं, पण कागद काय बोलणार. मंग ती खाली वाकली, चाचाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणली, "तुम्ही बसा, बाबा. इथंच बसा." अन् साहेबाकडं वळून म्हणली, सर, शेवटच्या रांगेत जागा मोकळी हाये, तुम्हाला तिकडं आराम पडेल. आवाज गोड, पण त्या गोडात खडा होता. साहेब बॅग उचलून गेला शेपटाला. मी माझ्या डोळ्यानं विमानात माझा कायदा लागू झालेला बघितला. मला टाळ्या वाजवाव्या वाटल्या, पण आधीच फार झालं होतं.

आता पुढची एक सीट रिकामी राहिली. रिकामी सीट दिसली की माझा हात थांबत न्हाई. मी चाचीला म्हणलं, पुढं या. चाचीच्या सीटवर बियाण्यावाल्या साहेबाच्या बायकोला आणलं. तिच्या शेजारी एक म्हातारे वकील होते, कोर्टातले, त्यांना म्हणलं, आबा, तुम्हाला खिडकी पाहिजे का? मागं हाये. ते खूश होऊन गेले, तिथं नवरा आणून बसवला. नवऱ्याच्या जागी पाय लांब करायचे होते तो उंच पोरगा. लोक काही विचारत नव्हते. सगळी आपल्याकडचीच माणसं, जन्मात कधी ना कधी जीपमधी कोंबली गेलेली. तुम्ही इकडं, तुम्ही तिकडं म्हणलं की अंग आपोआप उठतं. ते नवं जोडपं एकमेकांना चिकटून बसलं ते मला बघवेना, मी तोंड फिरवलं.

विमानातली पोरगी हात जोडून म्हणली, बाबा, आता बस, दार लावू द्या. अन् मंग हसली. म्हणली, आमच्याकडं नोकरीला या. मी म्हणलं, तुमच्या गाडीला टप न्हाई, माझी अडचण होईल.

विमान वर गेलं तव्हा मी सीट दोन्ही हातांनी धरली. चाचांना काहीच झालं न्हाई. चाक जमिनीवरून उठायच्या आधीच त्यांची मान चाचीच्या खांद्यावर गेल्ती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत नवऱ्याजवळ बसायची तिची पहिलीच वेळ. माझ्या जीपमधी बाया मधी अन् चाचा मागं. उतरल्यावर चाची मला म्हणली, भैया, ये तो रेलगाड़ी के जैसे घोरते.

हैद्राबादला सलीमची मोठी गाडी आल्ती. तिच्यात नवरीच्या दोन मावश्या, त्यांची लेकरं अन् ड्रायवर. मी पुढं बसलो, ती माझी जागा. चाची मावश्यांत गेली. चाचा मधल्या बाकावर कडेला, अन् त्यांच्या शेजारी एक सीट रिकामी. ऊन असं की डांबर वितळलं असंल. गाडी निघाली अन् मला रस्त्याच्या कडेला तो साहेब दिसला. पांढऱ्या शर्टावर घाम, फोन कानाला, बॅग पायाशी. त्याची टॅक्सी येतच नव्हती.

मी ड्रायवरला म्हणलं, थांब. चाची मागून म्हणली, उसको? लिंबाभैया, दिमाग फिर गया क्या? मी म्हणलं, चाची, रिकामी सीट अन् उभा माणूस मला एकाच वेळी बघवत न्हाई. तो माझा धंदा हाये, तो कोण हाये ते बघायचा धंदा माझा न्हाई. दार उघडून मी त्याला म्हणलं, या साहेब, शहरात सोडतो. जागा एकच हाये. शेजारी कोण बसलंय ते बघून घ्या, अन् कायदा तुम्हाला माहीतच हाये.

तो उभा राहिला. आत बघितलं. चाचांनी पुढं सरकून बाक हातानं झटकला, जशी गादी झटकतेत. साहेब आला. बसला अर्ध्या बुडावर, बॅग मांडीवर, चाचाच्या अन् त्याच्या मधी बोटभर फट ठेवून. चाचांनी विचारलं, कहाँ उतरना? त्यानं कुठल्या तरी चौकाचं नाव सांगितलं. चाचा म्हणले, रास्ते में है. अन् झोपले.

मला आरशात बघायची सवय, पण आरसा ड्रायवरकडं वळलेला होता. म्हणून मी सरळ मान मागं वळवली. पहिल्या वळणाला चाचांची मान डुलली. दुसऱ्या वळणाला टोपी साहेबाच्या खांद्याला लागली. साहेब ताठ झाला. मी मनात म्हणलं, आता उठतो. तिसऱ्या वळणाला मान पुरती खाली आली, अन् चाचा घोरू लागले. मावश्या तोंडाला पदर लावून हसू राह्यल्या होत्या.

त्याचा चौक आला. ड्रायवरनं गाडी बाजूला घेतली अन् म्हणला, साब, आपका उतरना. निकाहाला उशीर होत होता, चाची चुळबुळ करत होती. साहेबानं चाचांच्या डोक्याकडं बघितलं. मंग ड्रायवरकडं बघून हातानंच खूण केली, चलू द्या. मी म्हणलं, साहेब, अडचण होत असंल तर उठवतो त्यांना. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

लग्नाच्या हॉलसमोर चाचा जागे झाले. म्हणले, अरे, तुम उतरे नहीं? अन् उत्तराला न थांबता आत गेले, कारण आतून पोरगी हाका मारत होती. त्यांनी तिला विचारलं, ती हो म्हणली, बाया रडल्या, सगळं बराबर झालं. साहेबाला सलीमनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं न्हाई. विमानातल्या गोष्टीबद्दल त्यानं कुणाची माफी मागितली न्हाई. मी मागायला लावली न्हाई, चाचांना तर ती पाहिजेच नव्हती. माझ्या मनात मात्र ती बाकी हाये, ते लिहून ठेवतो.

पण जाताना तो रिक्षाकडं वळला अन् मला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या कडक शर्टावर, उजव्या खांद्यावर, रुपयाएवढा तेलाचा डाग. तो डाग मी कुठं बी ओळखतो. जाफराबादपासून जालन्यापर्यंत पाटलांच्या, तलाठ्यांच्या, एका नवरदेवाच्या अन् माझ्या स्वतःच्या खांद्यावर मी तो बघितला हाये. साबणानं जात न्हाई.